दिवाळीनंतर दमलेल्या नव्या शिक्षकांना उभारी कशी द्यायची?

खडूफळा (धागाकर्ती)

नमस्कार. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या बाजूच्या एका जिल्हा परिषद शाळेत मी बरीच वर्षं शिकवते आहे. आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, पवित्र पोर्टलमधून (सरकारची शिक्षकभरतीची ऑनलाइन व्यवस्था) निवड होऊन आलेले शिक्षणसेवक आहेत, म्हणजे पहिली तीन वर्षं मानधनावर असलेले नवे शिक्षक. कुणी साताऱ्याचं, कुणी लातूरचं. जूनमध्ये आले तेव्हा पदरचे पैसे घालून तक्ते आणले, व्हरांड्यात अक्षरं रंगवली, रविवारीसुद्धा शाळा उघडली. दिवाळीची सुट्टी संपवून परतले ते मात्र वेगळेच. टाचण (पाठाची लेखी तयारी) लिहिलेलं असतं, हजेरी भरलेली असते, पण बोलण्यात जीव नाही. एक मॅडम शिक्षण परिषदेला (केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीला) येतात, कोपऱ्यात बसतात आणि चहासुद्धा न घेता निघून जातात.

असं का होतं, याचा माझा अंदाज सांगते. पहिलं सत्र नवेपणाच्या जोरावर निघून जातं. मग संकलित मूल्यमापन १ (पहिल्या सत्राची परीक्षा) होतं आणि जूनपासून घसा फोडून शिकवलेलं मुलांच्या उत्तरपत्रिकेत सापडत नाही. त्याच सुमाराला पट रिकामा व्हायला लागतो. आमच्याकडची कुटुंबं दिवाळीनंतर कामासाठी गुजरातेत जातात, बरीचशी ऊसतोडीला. तिसरीतला नुकता वाचायला लागलेला मुलगाही त्यांच्याबरोबर जातो. इकडे स्नेहसंमेलन, क्रीडा स्पर्धा, शिष्यवृत्ती आणि नवोदयची तयारी, आणि मोबाइलवर 'आजच्या आज माहिती भरा' चालूच. अनुभवी माणसाला ठाऊक असतं की दरवर्षी हे असंच असतं. नव्याला वाटतं, आपल्यालाच जमत नाही.

यांना प्रेरणेचं भाषण नको आहे. त्यांच्या अंगावरचं काहीतरी प्रत्यक्ष उतरवायला हवं आणि त्यांनी केलेलं काम कुणीतरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला हवं. येत्या शिक्षण परिषदेत मी यासाठी अर्धा तास मागून घेणार आहे. त्यात नेमकं काय करावं? अनुभव असेल तो सांगा. जे नवे आहेत त्यांनी तर जरूर लिहा.

कृष्णाकाठ

चांगला विषय. अर्ध्या तासात एखाद्या चांगल्या वक्त्याला बोलवा, नवे शिक्षक खुलतात. ताणतणाव नियोजनावर सत्र घेता येईल.

पहिलंवर्ष

मी शिक्षणसेवक आहे, म्हणून लिहितो. सर, राग मानू नका, पण अजून एक सत्र नको. नवीन शैक्षणिक धोरणात वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलं आहे, ते होतंच. आम्ही ऐकून ऐकून थकलो आहोत.

माझी शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथी. दुसरे सर बीएलओ (मतदार यादीचं काम पाहणारे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) आहेत. ते मतदार यादीच्या कामाला किंवा बैठकीला गेले की चारही वर्ग माझ्याकडे. पहिलीला फळ्यावर अक्षरं देतो, तोवर चौथीची भांडणं, तोवर स्वयंपाकी मावशी विचारतात तांदूळ किती काढू, तोवर पोषण आहाराची नोंद अॅपवर भरायची आणि रेंज मिळवायला टेकडावर जायचं. साडेचार-पाचला शाळा सुटते तेव्हा आज कुणाला काय शिकवलं हे मला आठवत नाही. याचंच सगळ्यात वाईट वाटतं.

मानधन १६ हजार. २०२३ च्या आधी प्राथमिकला ६ हजार होतं, तेव्हाच्या लोकांनी कसं निभावलं असेल कळत नाही, त्यामुळे तक्रार करायला जीभ उचलत नाही. पण खोलीचं भाडं, गाडीचं पेट्रोल आणि घरी थोडं पाठवलं की महिनाअखेर उधारीवर जातो. त्यात मानधन उशिरा झालं की झालंच.

तुम्ही विचारलंत काय हवं. मला आठवड्यातून एकदा एक तासिका अशी हवी की माझे इतर वर्ग कुणीतरी सांभाळेल आणि मी फक्त पहिलीच्या सात मुलांबरोबर खाली बसेन. बाकी काही नाही.

खडूफळा

@पहिलंवर्ष, सर, मोकळेपणाने लिहिलंत हे फार बरं झालं. 'आज कुणाला काय शिकवलं आठवत नाही' हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं आहे. अर्ध्या तासाचं भाषण मनातून काढून टाकलं. तुमच्यासारखी तासिका कशी मिळवून देता येईल, यावरच बोलू.

निवृत्त_केंद्रप्रमुख

मी दोन तालुक्यांत केंद्रप्रमुख, म्हणजे केंद्रातल्या शाळांवर देखरेख करणारा, होतो. नवीन शिक्षक केंद्रप्रमुखाच्या भेटीला घाबरतो, कारण भेट झाली की लॉगबुकात शेरा येतो. 'वाचन सराव वाढवावा', 'गुणवत्तेकडे लक्ष द्यावे'. हा शेरा वाचून आजवर कुणाचा वाचन सराव वाढलेला नाही. जानेवारी-फेब्रुवारीत मी नव्या लोकांकडे एक भेट बिनशेऱ्याची ठेवत असे. आधी फोन करून सांगायचं, उद्या येतोय, लॉगबुक काढू नका. मागे मुलांच्या ओळीत मांडी घालून बसायचं. तास संपल्यावर कुठल्या तरी एका मुलाबद्दल बोलायचं. उदाहरणार्थ, 'तुम्ही हातच्याची बेरीज घेत होतात तेव्हा तिसऱ्या ओळीतली ती निळ्या रिबिनीची मुलगी बोटं मोडत मोडत बरोबर उत्तरावर आली, तुमचं तिकडे लक्ष नव्हतं.' शिक्षकाचा चेहरा बदलतो. फळ्याशी उभं राहून ते त्याला दिसतच नाही. आपलं शिकवणं कुठेतरी पोचतंय हे त्याला दुसऱ्याच्या तोंडून पुराव्यासकट कळतं. 'छान चाललंय' म्हणण्याने हे होत नाही. तपशील लागतो.

दुसरं, त्याला दुसऱ्याचा वर्ग दाखवा. साताऱ्याच्या कुमठे बीटचं (तिथल्या शाळांच्या गटाचं) नाव इथल्या सगळ्यांनी ऐकलं असेल. तिथले ज्ञानरचनावादी वर्ग (मुलं स्वतः करून शिकतात असे) पाहायला राज्यभरातून शिक्षक गाड्या करून जात होते. फरशीवर आखलेल्या चौकटी, मण्यांच्या माळा, गटात बसलेली मुलं पाहून यायचे आणि सोमवारी आपल्या फरशीवर तेच करून बघायचे. २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या सरकारी कार्यक्रमाच्या काळात जे काही खरं घडलं, त्यातलं बरंचसं शिक्षकाने शिक्षकाचा वर्ग पाहण्यातून घडलं, असं माझं ठाम मत आहे. आता तेवढ्या लांब जायची गरज नाही. आपल्या केंद्रातच एखादी बाई असते जिच्या दुसरीतली मुलं धडधडा वाचतात. नव्याला अर्धा दिवस तिच्याकडे बसवा.

इंद्रावती

मी भामरागडकडची. आमचा प्रश्न अजून एक पायरी मागे आहे. पहिलीत येणारं लेकरू घरी माडिया बोलतं. नवीन शिक्षक मराठीत बोलतात, मूल नुसतं बघत राहतं. दिवाळीपर्यंत काही मुलं वर्गात एक शब्द बोलत नाहीत. बाहेरून आलेल्या गुरुजींना वाटतं मुलं मंद आहेत किंवा आपण नालायक आहोत. दोन्ही खोटं. ते लेकरू सगळं ऐकत असतं, साठवत असतं. बहुतेक मुलं दुसऱ्या सत्रात बोलायला लागतात. हे नव्या माणसाला आधीच कुणी सांगितलं, तर त्याचे निम्मे महिने तळमळण्यात जाणार नाहीत.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्येच लिहिलंय की शक्य तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं. मग ती भाषा शाळेत आणणारं माणूस शोधा. आमच्याकडे पोषण आहार शिजवणाऱ्या ताई परिपाठानंतर दहा मिनिटं माडियात गोष्ट सांगतात. गुरुजी मुलांसारखेच खाली बसून ऐकतात आणि न कळलेला शब्द मुलांना विचारतात. मुलं हसतात, चुका सुधारतात. ती दहा मिनिटं गुरुजींना शिकवावं लागत नाही आणि तरी दिवसभराचं काम त्यावर हलकं होतं. तुमच्याकडे पावरी, भिली बोलणाऱ्या ताई असतीलच. अंगणवाडी सेविकांनाही विचारा.

खडूफळा

@इंद्रावती, आहेत ना. आमच्या स्वयंपाकी ताईंना पावरीतल्या कितीतरी गोष्टी येतात, त्यांना आजवर कुणी विचारलंच नाही. सोमवारीच विचारते.

ऊसफड

बीड. स्थलांतराबद्दल लिहितो, कारण हे नव्याच्या मनाला सगळ्यात जास्त लागतं. फडावर गेलेलं लेकरू हजेरीत लाल शाईत 'गैरहजर' दिसतं आणि त्या लाल रांगा बघून माणूस खचतो. आम्ही नव्या शिक्षकांना दोन गोष्टी करायला लावतो. मूल जाण्याआधी त्याला शिक्षण हमी कार्ड द्यायचं, म्हणजे तिकडच्या शाळेत बसताना अडचण येत नाही. आणि मुकादमाचा नाहीतर आई-बापाचा मोबाइल नंबर लिहून घ्यायचा. आठवड्यातून एक फोन. 'कुठवर आला पाढा?' एवढंच. शक्य असेल तिथे मूल हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहावं म्हणून दिवाळीच्या आधीच घरी जाऊन बसायचं, डिसेंबरात उपयोग नसतो.

आणि मार्च-एप्रिलमध्ये ही लेकरं परत येतात तेव्हा त्यांच्यासाठी वेगळा गट कसा करायचा, हे जानेवारीतच नव्या शिक्षकासोबत बसून ठरवा. पुढचं काहीतरी हाताशी असलं की माणूस रिकाम्या बाकांकडे बघत बसत नाही.

बे_एरिया_ताई

मी कॅलिफोर्नियात प्राथमिक शाळेत शिकवते. मूळची नाशिकची. इथे सांताक्रूझला १९८८ पासून नव्या शिक्षकांना अनुभवी शिक्षकाची जोड देण्याचा प्रकल्प सुरू झाला. तो चालवणाऱ्या एलन मॉयर यांनी पहिल्या वर्षाचे टप्पे मांडले होते, ते आजही नव्या शिक्षकांना शिकवले जातात. आधी उत्सुकता, मग नुसतं तगून राहणं, मग भ्रमनिरास, मग पुन्हा ताजेपणा, आणि शेवटी मागे वळून पाहणं. इथलं वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होतं, त्यामुळे भ्रमनिरासाचा काळ ऑक्टोबरच्या मध्यापासून येतो आणि नाताळच्या सुट्टीनंतर हळूहळू चढ सुरू होतो. मला पहिल्या वर्षी हा आलेख कुणीतरी दाखवला होता. आपण कुठे उभे आहोत ते कळलं, एवढ्यानेच धीर आला.

तुमचं वर्ष १५ जूनला सुरू होतं. दिवाळीची सुट्टी मध्ये येते. पण खडूफळाताई म्हणतात तसं तुमच्याकडे सुट्टीनंतर चढ येत नाही, उलट घसरण दिसते. मला वाटतं याचं कारण त्यांनी पहिल्याच पोस्टमध्ये दिलं आहे. सुट्टीनंतर वर्ग जिथे सोडला तिथे सापडत नाही, मुलंच निघून गेलेली असतात.

कृष्णाकाठ

ताई, तुमच्याकडे मार्गदर्शक शिक्षकाला त्यासाठी वर्गातून मोकळं करतात. आमच्याकडे त्याच्याच अंगावर दोन वर्ग असतात. तुलना कशी करणार?

बे_एरिया_ताई

बरोबर आहे सर. तशी सोय तुमच्याकडे नाही, म्हणून तो आराखडा जसाच्या तसा घ्या असं मी म्हणणार नाही. त्यातली एकच गोष्ट बिनखर्चाची आहे. मार्गदर्शक हा मूल्यमापन करणारा नसतो. नव्याने त्याला सांगितलेली अडचण गोपनीय अहवालात जात नाही. शिक्षणसेवकाला तीन वर्षं पुरी करायची असतात, त्यामुळे तो वरिष्ठांसमोर 'मला जमत नाही' कधीच म्हणणार नाही. ज्याच्या हातात त्याचं भवितव्य नाही असं माणूस त्याला द्या.

निवृत्त_केंद्रप्रमुख

शंभर टक्के सहमत. केंद्रप्रमुखाने स्वतः हा मार्गदर्शक होऊ नये. शेजारच्या शाळेतली, दहाएक वर्षं झालेली बाई किंवा गुरुजी उत्तम. फार ज्येष्ठही नको. त्यांना स्वतःचं पहिलं वर्ष आठवत नसतं.

पेठेतली_बाई

पुण्यात खाजगी अनुदानित माध्यमिक शाळेत आहे. आमच्याकडे स्थलांतर नाही, पण वर्गात साठ-सत्तर मुलं. नव्या शिक्षिकांचा जानेवारीपर्यंत आवाज जातो आणि त्या तशाच ओढत राहतात. कुणी यावर बोलत नाही म्हणून लिहिते. गोंगाटावर ओरडायचं नाही, टाळीचा एक ठेका ठरवायचा, मुलांनी तो परत वाजवून शांत व्हायचं. टेबलावर पाण्याची बाटली. सलग तासिकांमध्ये एक तरी तास लेखी कामाचा. आणि दोन-तीन आठवड्यांनंतरही घोगरेपणा जात नसेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवायचं, हळद-दुधावर भागवायचं नाही.

अजून एक. स्नेहसंमेलनाचा नाच बसवायचं काम दरवर्षी 'नवीन आहे, उत्साही आहे' म्हणून त्यांच्याच गळ्यात पडतं. ज्येष्ठांनी या वर्षी ते स्वतःकडे घ्यावं. नव्याला द्यायची यापेक्षा चांगली मदत जानेवारीत दुसरी नाही.

शिक्षिकेची_आई

मी शिक्षक नाही, पण हा धागा वाचून राहवलं नाही. माझी मुलगी घरापासून फार लांब नेमणुकीवर आहे. दर रविवारी संध्याकाळी तिचा फोन येतो आणि ती रडते. उद्या शाळेत जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो म्हणते. आधी मी तिला सांगायचे, सरकारी नोकरी आहे, टिकव. आता भीती वाटते. तिला परत ये म्हणू का?

निवृत्त_केंद्रप्रमुख

ताई, लगेच 'परत ये' म्हणू नका आणि 'टिकव'ही म्हणू नका. आधी तिला विचारा, झोप लागते का, जेवते का, शाळेतलं एखादं मूल आवडतं का. मुलांबद्दल बोलताना तिचा आवाज बदलत असेल, तर ती दमली आहे आणि हे वर्ष निभेल. पण झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, कशातच मन लागत नसेल, तर तिला डॉक्टरांची मदत हवी, त्यात लाजण्यासारखं काही नाही. टेलिमानस म्हणून सरकारची २४ तास चालणारी मोफत सेवा आहे, १४४१६ हा क्रमांक. मराठीत बोलता येतं. आजच तिला हा नंबर पाठवा. जगणं नकोसं झाल्यासारखं ती काही बोलली, तर वाट बघू नका, कुणीतरी तिच्याकडे जा.

इंद्रावती

आई, आणि तिच्या खोलीवर चार दिवस जाऊन राहता आलं तर जा. माझी आई पहिल्या वर्षी येऊन राहिली होती. गावातल्या बायकांशी तिची ओळख झाली आणि मला ते गाव परकं राहिलं नाही. शनिवार-रविवार धावतपळत घरी यायला लावू नका, दोन्ही दिवस प्रवासात जातात आणि सोमवारी माणूस अधिक दमलेला असतो.

शिक्षिकेची_आई

नंबर पाठवला. पुढच्या आठवड्यात मी जातेय. तुम्हा दोघांचे मनापासून आभार.

कलमबहाद्दर

कायद्याची बाजू मांडतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीचं काम सोडून इतर अशैक्षणिक काम देता येत नाही. बीएलओचं काम निवडणुकीत धरलं जातं, त्यामुळे ते टळत नाही. पण त्याच कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास 'तयारीच्या तासांसह' धरले आहेत. म्हणजे तयारीचा वेळ हा कामाचाच भाग आहे. मुख्याध्यापकांनी शाळेच्या वेळापत्रकात नव्याच्या तयारीची तासिका नावानिशी लिहावी. कागदावर आली की तिच्यावर कुणी सहज हात टाकत नाही.

माहिती भरण्याचंही सांगतो. यू-डायस (शाळेची माहिती), शालार्थ (पगार), पोषण आहार, चाचणीचे गुण, सगळं 'तरुण आहे, मोबाइल येतो' म्हणून त्याच्याकडे. केंद्रातल्या शाळांनी वाटून घ्यावं. एकाने एक पोर्टल नीट शिकावं आणि इतरांना मदत करावी.

खडूफळा

सगळ्यांचं वाचलं. काल आमच्या केंद्रप्रमुख सरांशी बोलले, त्यांची तयारी आहे. असं ठरवतोय.

शिक्षण परिषदेत भाषण नाही. त्या अर्ध्या तासात जोड्या ठरवायच्या. प्रत्येक नव्या शिक्षकासाठी जवळच्या शाळेतलं एक माणूस, ज्याला अहवाल लिहायचा नाही. निवड नव्यांनी करायची. फेब्रुवारीत एकदा तो त्यांच्या वर्गात मुलांच्या ओळीत बसेल, एकदा नवे त्याच्या वर्गात जातील. स्नेहसंमेलनाची जबाबदारी आम्ही जुन्या बायका घेतोय. पोर्टलची वाटणी कलमबहाद्दर म्हणतात तशी.

कोपऱ्यात बसणाऱ्या मॅडमना मी हा धागा वाचायला दिला. त्यांनी एकच विचारलं, 'माझ्या वर्गात कोण बसणार आहे ते मी आधी ठरवू शकते ना?' हो म्हटलं.

अडलंय ते तासिकेवर. द्विशिक्षकी शाळेत दुसरे सर बाहेर असताना वर्ग कुणी सांभाळायचा?

पहिलंवर्ष

मॅडम, शनिवारी आमची सकाळची शाळा असते. त्या दिवशी बैठका कमी असतात, दुसरे सर बहुतेक शाळेतच असतात. त्यांनी दुसरी ते चौथीला मैदानावर खेळ आणि गोष्टीची पुस्तकं दिली, तर पहिलीचा वर्ग ४० मिनिटं माझ्याकडे येऊ शकतो. मी त्यांना विचारलं, ते हो म्हणाले. आमच्याकडे गोष्टीची पुस्तकं कमी आहेत, एवढीच अडचण आहे.

ऊसफड

पुस्तकं गटसाधन केंद्रात पडून असतात, विषय साधनव्यक्तींना विचारा. नाहीतर शेजारच्या मोठ्या शाळेची वाचनपेटी महिनाभर फिरवा. आम्ही चार शाळांत एकच पेटी फिरवतो.

निवृत्त_केंद्रप्रमुख

आणि डी.एल.एड.चे (शिक्षक होण्याच्या पदविकेचे) छात्राध्यापक आंतरवासितेला, म्हणजे शाळेतल्या सरावाला, कुठे आहेत ते बघा. जवळपास असतील तर त्यांच्या प्राचार्यांना पत्र द्या. ते पत्र केंद्रप्रमुखांच्या सहीने जाऊ दे, आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत शनिवारच्या बदलाचा ठराव आधी करून घ्या. पालकांना माहीत असलेलं बरं.

पहिलंवर्ष

समितीची सभा गुरुवारी आहे. ठरावाचा मसुदा कुणाकडे असेल तर इथे टाकाल का?